स्टॅम्प काँक्रीट दर पावसाळ्यात पांढरं पडतंय? सीलरचा डबा उघडण्याआधी हे तपासा

ऑगस्ट उजाडला की मला दर वर्षी तेच फोटो यायला लागतात. फाटकापासून पोर्चपर्यंतचा रस्ता, त्यावर दगडी फरशीचा सुरेख ठसा, आणि मधेच दूध सांडून वाळल्यासारखा पांढरा पट्टा. सोबतचा प्रश्नही ठरलेला असतो: "दोन वर्षांपूर्वी सीलर मारून घेतला होता. परत एक हात मारला की जाईल ना?"

नाही जाणार. पहिल्या दिवशी गेल्यासारखं वाटेल, कारण ओला सीलर, म्हणजे काँक्रीटच्या संरक्षणासाठी वरून मारायचं पारदर्शक द्रावण, सगळंच झाकतो. पुढच्या आषाढात मात्र तो पट्टा आणखी रुंद होऊन परत येईल. मी गेली चौदा वर्षं सातारा, पुणे आणि कोकणात हे काम करतोय. सुरुवातीच्या काळात मीही असाच एका पायवाटेवर पांढऱ्यावरच सीलर चढवला होता. पुढच्या वर्षी तिथे पोपडे धरले, आणि सगळं खरवडून काढायला आम्हाला मूळ कामापेक्षा जास्त दिवस लागले. ज्यांचं काम होतं त्यांनी एक शब्द वाकडा बोलला नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं. तेव्हापासून मी पांढरं बघितलं की आधी पाणी कुठून येतंय ते शोधतो. डबा नंतर.

ज्यांना हे काम नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. ओल्या काँक्रीटवर कलर हार्डनर, म्हणजे सिमेंट, बारीक वाळू आणि रंग यांची भुकटी, मुठीने पसरून गुरमाळ्याने घोटतात. मग साचा चिकटू नये म्हणून वेगळ्या छटेची रिलीज पावडर भुरभुरतात आणि रबरी मॅट ठेवून ठोकतात. दोन-तीन दिवसांनी जास्तीची पावडर धुतात आणि काँक्रीट पुरतं वाळल्यावर वरून सीलर देतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये १९५० च्या दशकात ब्रॅड बोमन यांनी ही पद्धत रुजवली. तिथला उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात आणि बेताचा. आपल्याकडे महाबळेश्वराला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. चमकदार सीलरची सवय आपण तिकडून जशीच्या तशी उचलली. या तक्रारींचं मूळ बरंचसं तिथेच आहे.

पांढरं कधी दिसतं, ते आधी आठवा

मी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारतो. पांढरं कुठे आहे यापेक्षा कोणत्या महिन्यात असतं हे जास्त सांगून जातं.

पांढरेपणा जुलैत सुरू होतो, श्रावणात सगळ्यात जास्त असतो आणि दिवाळीनंतर आपोआप फिका पडतो किंवा नाहीसा होतो, असं असेल तर तो क्षार नाही. तो सीलरच्या आत अडकलेला ओलावा आहे. ॲक्रिलिक सीलर म्हणजे काँक्रीटवर बसलेला पारदर्शक पापुद्रा. खालून ओल आली आणि तिला वर निघून जाता आलं नाही, की ती या पापुद्र्यात बारीक कणांच्या रूपाने बसते. थंडीत काचेवर वाफ धरली की काच पांढरी दिसते, तसाच हा प्रकार. ओल उडाली की काच पुन्हा स्वच्छ.

याच्या उलट, पावसात रस्ता बरा दिसतो आणि पाऊस ओसरल्यावर, दसऱ्याच्या सुमाराला, उन्हं कडक पडायला लागली की पांढरं वर येतं. हे क्षार. जुन्या घराच्या भिंतीला लोणा लागतो, त्याच घराण्यातला हा प्रकार. सिमेंटची पाण्याशी प्रक्रिया होताना थोडा मोकळा चुना तयार होतो. स्लॅबमध्ये पाणी मुरलं की तो चुना पाण्यात विरघळतो, वाळताना पाण्याबरोबर वर चढतो, पाणी उडून जातं आणि चुना तिथेच राहतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी त्याचा संयोग झाला की खडूसारखा थर बनतो, आणि एकदा तसा बनला की नुसत्या पाण्याने कितीही धुतलात तरी तो जात नाही.

बारा महिने सारखंच पांढरं असेल, उन्हाळा-पावसाळा फरक नसेल, तर बहुधा वरून आलेलं काहीतरी आहे. अशा वेळी डागाचा आकार बघा. अर्धवर्तुळ असेल तर बागेचा फवारा. आपल्याकडे बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी इतकं जड असतं की गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच या काँक्रीटवरही बसतो. पत्र्याच्या किंवा कौलांच्या कडेला समांतर, सरळ रेषेत ठिपके असतील तर पागोळ्या. चौकोनी जाळी दिसत असेल तर ती क्युअरिंगच्या, म्हणजे नवीन काँक्रीट ओलं ठेवून पक्कं करण्याच्या, वेळी आळी करून पाणी साठवल्याची खूण. स्लॅबवर सिमेंटच्या मालाने छोटे बांध घालून पाणी साठवायची आपल्या गवंड्यांची जुनी रीत आहे, साध्या स्लॅबला ती उत्तम. रंगीत काँक्रीटवर मात्र त्या बांधांचे व्रण राहतात, आणि मी ते तीन-तीन वर्षांनीही बघितलेत.

आणखी एक कारण फार थोड्यांच्या लक्षात येतं. पावसाळ्यात शेवाळ जावं म्हणून अंगणात ब्लीचिंग पावडर टाकायची पद्धत घरोघरी आहे. तिच्यात चुनाच असतो. पावडर नीट धुतली गेली नाही की ठशाच्या खोलगट रेघांमध्ये ती पांढरी होऊन बसते आणि लोक म्हणतात काँक्रीट खराब निघालं.

घरच्या घरी करायच्या तपासण्या

यातल्या पहिल्या तीन तुम्ही स्वतः, कोणाला न बोलावता करू शकता.

एक तांब्या पाणी पांढऱ्या भागावर ओता. पांढरं ओलं झाल्याबरोबर दिसेनासं झालं आणि वाळल्यावर परत आलं, तर क्षार वरच्या पृष्ठभागावर आहेत. ओलं होऊनही पांढरं तसंच राहिलं, तर ते पापुद्र्यात किंवा पापुद्र्याच्या खाली आहे. त्याच वेळी पाण्याचे थेंब कसे वागतात तेही बघा. अळवाच्या पानावर राहतात तसे गोल राहिले तर वर सीलर शाबूत आहे. लगेच शोषले जाऊन तिथे गडद डाग पडला तर सीलर झिजून गेलाय.

मग एखाद्या कोपऱ्यात, पायरीच्या आडोशाला, बोथट सुरीने हलकेच खरवडा. नुसती भुकटी आली तर ती स्टीलच्या चमच्यात घ्या आणि वर व्हिनेगरचे चार थेंब टाका. बारीक बुडबुडे आले तर चुन्याचा क्षार. हे चमच्यातच करा, थेट काँक्रीटवर नको, कारण काँक्रीटमध्येही चुना असल्यामुळे ते आम्लाला फसफसतंच आणि तुमची दिशाभूल होते.

खरवडताना कांद्याच्या सालीसारखा पापुद्रा निघाला तर तो उलटा करून बघा. या एका कृतीने जितकं कळतं तितकं दुसऱ्या कशाने कळत नाही. खालची बाजू स्वच्छ असेल आणि पापुद्राच दुधी असेल तर नुसती ओल अडकलीय. खालच्या बाजूला पांढरी पीठासारखी भुकटी चिकटलेली असेल तर क्षार सीलरच्या खाली साचलेत. आणि खालची बाजू गडद रंगाची, हाताला मऊ तेलकट पावडर लागेल अशी असेल, तर मूळ कामातच रिलीज पावडर धुवायची राहिली होती. ती पावडर पाण्याला दूर लोटणारी असते, तिच्यावर सीलर कधीच धरत नाही. अशा ठिकाणी पांढरेपणा हे निमित्त असतं, सीलर तसाही सुटणारच होता.

चौथी तपासणी झायलीनची. रंगाच्या दुकानात हे द्रावण मिळतं. जुन्या सुती कपड्याचा बोळा त्यात भिजवून पांढऱ्या जागेवर तळहाताएवढा भाग पुसा आणि अर्धा तास थांबा. द्रावण उडून गेल्यावरही ती जागा स्वच्छ राहिली, तर तुमचा सीलर सॉल्व्हंटमधला ॲक्रिलिक आहे आणि ओल त्याच्या आत होती. झायलीनने पापुद्रा पुन्हा मऊ केला, ओल सुटून गेली. वाळल्यावर पांढरं परत दिसलं तर खाली क्षार आहेत. बोळ्याचा काहीच परिणाम झाला नाही, पृष्ठभाग चिकटसुद्धा झाला नाही, तर वर पॉलियुरेथेन किंवा इपॉक्सीसारखं काहीतरी मारलेलं आहे आणि हा मार्ग तुमच्या कामाचा नाही. झायलीन पटकन पेट घेतं आणि त्याची वाफ डोक्यात जाते. मोकळ्या हवेत, हातमोजे घालून, जवळपास विडी-सिगारेट किंवा गॅस नसताना, आणि पोरांना लांब ठेवूनच हे करा.

शेवटची तपासणी ओलीची. दीड फूट लांब-रुंद जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवून १६ तास ठेवायचा, म्हणजे संध्याकाळी लावून दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा काढायचा. प्लास्टिकच्या आतून दवबिंदू दिसले किंवा खालचं काँक्रीट गडद झालं तर स्लॅब ओला आहे. अशा स्लॅबवर कोणताही चमकदार सीलर मारू नका. कोणी कितीही आग्रह केला तरी नाही.

पसरणी घाटावरचा एक रस्ता

पसरणी घाट चढून पाचगणीकडे जाताना आत एका बाजूला असलेल्या बंगल्याचं उदाहरण सांगतो, कारण त्यात जवळजवळ सगळंच एका जागी होतं. साधारण १,२०० चौरस फुटांचा गाडीरस्ता, डोंगराच्या कुशीत कापून काढलेला. वरच्या अंगाला हिरवळ, खालच्या अंगाला जांभ्याचा गडगा. घरात निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी. काम दुसऱ्या कोणीतरी केलेलं, पाच वर्षांपूर्वी. ठसा सुंदर होता, मेहनतीने मारलेला. पण दर मे महिन्यात ते सीलरचा एक हात देऊन घ्यायचे आणि दर जुलैत रस्ता पांढरा व्हायचा. असे चार हात झाले होते.

मी गेलो तेव्हा सप्टेंबर संपत आला होता. गुरुजी म्हणाले, "अहो, दर वर्षी डब्याची कंपनी बदलून बघितली." बाईंनी वेगळंच सांगितलं, आणि ते जास्त मोलाचं निघालं. त्या म्हणाल्या, "पाऊस थांबून चार दिवस झाले तरी हिरवळीकडची कड ओलीच असते. मी तिथे चप्पल ठेवत नाही."

गडग्याच्या बाजूला सुरीने पापुद्रा उचलला, तो नखाएवढा जाड होता. चार हातांचे चार थर एकावर एक. मधल्या भागात पापुद्रा दुधी पण खालून स्वच्छ. हिरवळीकडच्या कडेला मात्र त्याच्याखाली पिठासारखे क्षार, बोट फिरवलं की पांढरं व्हायचं. म्हणजे एकाच रस्त्यावर दोन वेगळे आजार. डोंगर उतारावर पाऊस जिरतो आणि जमिनीतून पाझर फुटतात, ते पाणी हिरवळीखालून थेट स्लॅबच्या बुडाशी येत होतं. स्लॅबखाली प्लास्टिक अंथरलेलंच नव्हतं. पाणी खालून वर यायचं, चार थरांच्या झाकणाला अडायचं. सीलरची कंपनी कुठलीही असती तरी हेच झालं असतं.

आम्ही लगेच सीलरला हात लावला नाही. आधी हिरवळ आणि रस्ता यांच्यामध्ये दीड फूट रुंद, स्लॅबच्या बुडापेक्षा खोल जाईल असा चर खणला. त्याला गडग्याच्या टोकाकडे ढाळ दिला, तळाला खडी, त्यावर भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप जिओटेक्स्टाइल कापडात गुंडाळून ठेवला आणि वरपर्यंत पुन्हा खडी भरली. कापड विसरू नका, नाहीतर दोन पावसाळ्यांत माती जाऊन भोकं बंद. पाइपचं तोंड गडग्याच्या बाहेर काढलं. त्यानंतरच्या पहिल्या अवकाळी पावसात गुरुजींनी मला त्या तोंडातून पडणाऱ्या पाण्याचा व्हिडिओ पाठवला. करंगळीएवढी धार होती, पाऊस थांबल्यावरही चालू होती. इतकं पाणी पाच वर्षं स्लॅबखाली जात होतं.

डिसेंबरात जुना सीलर काढला. पेंट रिमूव्हर जेल जाडसर लावून वर प्लास्टिक झाकलं म्हणजे ते उडून जात नाही, तास-दीड तासाने नायलॉनच्या ब्रशने घासून पापुद्रा गोळा केला. तारेचा ब्रश कधीही वापरू नका, तारेचे बारीक तुकडे ठशात अडकतात आणि पहिल्या पावसात गंजाचे ठिपके उमटतात. काढलेला लगदा डब्यात भरून बाजूला ठेवला, हिरवळीत किंवा विहिरीकडच्या गटारात जाऊ दिला नाही. मग प्रेशर वॉशर, पंख्यासारखा पसरणारा नोझल लावून आणि फूटभर अंतर राखून. जवळ नेलात तर कलर हार्डनरचा वरचा थर उडतो आणि खालचं राखाडी काँक्रीट दिसायला लागतं.

क्षारांसाठी सौम्य ॲसिड लागलं. याबद्दल मला नेमकं सांगायचंय, कारण इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं. संडास धुवायचं ॲसिड तसंच ओतलेले रस्ते मी बघितलेत. दहा मिनिटांत रंग उडालेला असतो आणि खालची वाळू उघडी पडलेली असते, त्याला नंतर उपाय नाही. २० भाग पाण्यात १ भाग ॲसिड, याहून तेज नको. आधी पाणी घ्यायचं, मग त्यात ॲसिड सोडायचं, उलट केलं तर ते उसळून अंगावर येतं. काँक्रीट आधी साध्या पाण्याने भिजवायचं म्हणजे ॲसिड आत मुरत नाही. प्लास्टिकच्या झारीने शिंपडायचं, फेस आला की नायलॉन ब्रशने हलकं घासायचं आणि वाळू न देता भरपूर पाण्याने धुवायचं. मग खायच्या सोड्याचं पाणी मारून उरलेलं आम्ल मारायचं आणि पुन्हा दोनदा स्वच्छ धुवायचं. चष्मा आणि गमबूट घातल्याशिवाय कामावरच्या पोरांना मी ॲसिडजवळ जाऊ देत नाही. आणखी एक, सीलर शाबूत असताना वरून ॲसिड मारून उपयोग नाही, ते खाली पोचतच नाही. आधी पापुद्रा निघाला पाहिजे.

जानेवारीत प्लास्टिकची तपासणी तीन ठिकाणी घेतली. दोन कोरड्या, हिरवळीकडची अजून दमट. आणखी तीन आठवडे थांबलो. फेब्रुवारीत तिन्ही कोरड्या आल्या आणि मगच सिलेन-सिलॉक्सेनचा, आत मुरणारा सीलर दिला. हा वर पापुद्रा करत नाही. पाण्याचा थेंब आत जाऊ देत नाही, पण वाफेला बाहेर जायला वाट ठेवतो. त्याला चमक नाही, भिजलेल्या दगडासारखा गडद रंग नाही. गुरुजींना पहिल्या दिवशी ते थोडं फिकं वाटलं, आणि मी त्यांना आधीच तसं सांगून ठेवलं होतं.

चमक हवी की निर्धास्तपणा

हे मत माझं आहे, काही कारागीर मित्रांना पटत नाही. घाटमाथा, कोकण, मावळ, जिथे चार महिने जमीन वाळतच नाही, तिथे बाहेरच्या कामाला चमकदार पापुद्र्याचा सीलर देऊच नये. सोलापूर, नगर, विदर्भातल्या कोरड्या भागात तो टिकतो, खुशाल द्या. पण तिथेही पातळ दोन हात, एकाच हातात जाड नाही. एका हाताला लिटरमागे साधारण ६० ते ७० चौरस फूट हा अंदाज धरा आणि डब्यावर काय लिहिलंय ते बघा. कंत्राटदार २०० चौरस फुटांना एकाच हातात पाच-सहा लिटर संपवत असेल तर तो तुमच्यावर उपकार करत नाहीये.

आणि मे महिन्यात सीलर मारू नका. पावसाआधी संरक्षण हवं म्हणून सगळे मे महिना निवडतात, ते समजण्यासारखं आहे. पण मे महिन्याच्या दुपारी काँक्रीटवर अनवाणी पाय टेकवत नाही. इतक्या तापलेल्या पृष्ठभागावर सीलरमधलं सॉल्व्हंट झटकन उडतं, वरची साय आधी धरते आणि आतली वाफ तिला फोडून बुडबुडे करते. रोलरमधून कोळिष्टकासारखे धागे सुटतात. तोच सीलर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी दव पूर्ण उडून गेल्यावर, दहाच्या सुमाराला द्या. एकाच डब्यातला माल वेगळा वागतो.

घसरण्याचंही बोलायला हवं. चमकदार सीलर, त्यावर शेवाळाचा पातळ थर आणि पावसाची भुरभुर, हे एकत्र आलं की रस्ता साबणासारखा होतो. घरात वयस्कर माणूस असेल तर सीलरच्या शेवटच्या हातात न घसरणारी बारीक भुकटी मिसळून घ्याच. दिसायला ती जवळजवळ कळत नाही. शेवाळासाठी ब्लीचिंग पावडरऐवजी कडक नायलॉन झाडू आणि पाणी, आठवड्यातून एकदा. झाडाची फांदी सतत सावली धरत असेल तर ती छाटा.

थोडक्यात निभावणारं असेल तर

सगळ्यांचंच काम पसरणी घाटासारखं मोठं नसतं. नुसती ओल अडकलीय, क्षार नाहीत, सीलर एक-दोन हातांचाच आहे आणि बोळ्याची तपासणी यशस्वी झाली, तर हिवाळ्यात कोरड्या दिवशी झायलीनचा पातळ फवारा मारून आखूड केसांच्या रोलरने एकदाच फिरवा. पापुद्रा मऊ होऊन परत बसतो. दुसऱ्या दिवसापर्यंत त्यावरून चालू नका. हे एकदा चालतं. दर वर्षी करावं लागत असेल तर पाणी कुठून येतंय ते अजून सापडलेलं नाही.

काम नवीन असेल, पहिलंच वर्ष असेल आणि वरवर खडूसारखे क्षार आले असतील, तर घाबरू नका. कोरडे असतानाच नायलॉन ब्रशने झाडून गोळा करा, ओले करून पसरवू नका. मोकळा चुना हळूहळू संपतो आणि दुसऱ्या वर्षी प्रमाण बरंच कमी होतं. या काळात सीलरची घाई करू नका. फवाऱ्याचे डाग असतील तर फवाऱ्याचं तोंड आधी वळवा, मग व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन लहान भागात घासा आणि धुवा. पागोळ्यांसाठी पन्हळ बसवणं हाच उपाय आहे.

नवीन काम देणार असाल तर कंत्राटदाराला हे विचारा

स्लॅबखाली प्लास्टिक अंथरणार का? हा पहिला प्रश्न. काळी माती असेल तर ती काढून मुरूम भरून रोलर फिरवणार का? काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, तिच्यावरचं काँक्रीट तडकतं आणि त्या भेगांतून क्षार वर येतात. गाडीरस्त्याची जाडी पाच-सहा इंच हवी, पायवाटेला चार चालते. ढाळ ५० फुटांना १ फूट. जोड साधारण दहा फुटांवर आणि जाडीच्या चौथ्या भागापर्यंत खोल कापलेले.

सिमेंट पीपीसी (पोर्टलंड पोझोलाना सिमेंट) असेल तर चांगलंच, त्यातली फ्लाय ॲश, म्हणजे कोळशाची बारीक राख, मोकळा चुना धरून ठेवते आणि लोणा कमी येतो. पण मग क्युअरिंग जास्त दिवस लागतं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या ओपीसीला (ऑर्डिनरी पोर्टलंड सिमेंट) कमीत कमी ७ दिवस आणि अशा मिश्र सिमेंटला कमीत कमी १० दिवस. रंगीत स्लॅबवर आळी नको, बोअरचं जड पाणी नको, सुरकुतलेलं प्लास्टिकही नको, त्याच्या सुरकुत्यांचे नकाशे रंगात उमटतात. फवाऱ्याने द्यायचं क्युअरिंग कंपाउंड वापरणार असतील तर ते पुढे येणाऱ्या सीलरशी जमतं का, हे आधीच लेखी विचारून घ्या. रिलीज पावडर धुताना स्वतः उभे राहा. ठशाच्या रेघांमध्ये थोडी उरली पाहिजे, त्यानेच दगडाची छटा दिसते. पण उंच भागावर बोट फिरवल्यावर बोटाला पावडर लागता कामा नये. सीलर २८ दिवसांनंतर, प्लास्टिकची तपासणी कोरडी आल्यावरच.

पसरणी घाटावरच्या त्या रस्त्यावरून दोन पावसाळे गेले. मागच्या ऑगस्टमध्ये वाईला दुसऱ्या कामावर होतो म्हणून वर जाऊन आलो. हिरवळीची कड ओली होती, पण रंग तोच होता, गेरूकडे झुकणारा तपकिरी. फक्त फाटकाजवळ, गच्चीच्या पाइपचं पाणी पडतं तिथे, हातभर लांब पांढरा पट्टा उरलाय. तो पाइप गडग्याच्या पलीकडे वळवायचा राहून गेला होता, तो या हिवाळ्यात वळवणार आहोत. परतताना पाहिलं, हिरवळीच्या कडेला बाईंच्या चपला ठेवलेल्या होत्या.